कट्ट्याखालची केबल

आमच्या गल्लीतल्या कट्ट्याचा मला मनापासून राग आहे. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा चटणी कुटायचा डंक आहे. उन्हाळ्यात बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन दारात बसतात आणि त्या कमाईवर आमचं वर्ष निघतं. डंकाच्या मोटरीला वीज तिन्ही फेजची लागते. गल्लीखालची केबल मात्र माझ्या लग्नाआधीची. दर उन्हाळ्यात ती कुठेतरी जळायची. वायरमन यायचे, खड्डा खणायचे, जॉइंट मारायचे, माती लोटून जायचे. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा जॉइंट. शेवटी मी वीज ऑफिसचे उंबरे झिजवले, साहेबांशी कडाकडा भांडले आणि अख्खी केबल बदलायचं काम मंजूर करून घेतलं.

नवी केबल आली, गल्लीभर चर खणला आणि आमच्या दारासमोरच्या कट्ट्यापाशी येऊन थांबला. हा कट्टा कोणीतरी कधीतरी चक्क रस्त्यावर बांधलेला. जुनी केबल बरोबर त्याच्या पोटाखालून गेलेली. बाजूने वळवावी तर एकीकडे गटार, दुसरीकडे पाण्याची लाईन. म्हणजे कट्टा फोडायलाच हवा होता. पण आमच्या फुटबॉल संघाने कप जिंकला की तो आधी या कट्ट्यावर ठेवायचा, नारळ फोडायचा, मगच मिरवणूक काढायची, अशी इथली रीत. गल्लीतले यच्चयावत पुरुष कामधंदा सोडून आडवे आले.

"कट्ट्याला हात लावायचा न्हाय!" त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ठेकेदाराला म्हणाला. "पावणं, केबल तुमची, कट्टा आमचा."

तो माणूस माझा नवरा होता.

ठेकेदाराला काम उरकायचंच होतं. त्याने कट्ट्याखालचा जुना तुकडा तसाच ठेवला आणि दोन्ही बाजूंनी नवी केबल त्याला जोडून दिली. घरी मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नवरा जेवता जेवता म्हणाला, "काय हुतंय तेवढ्या तुकड्याला?"

ऐन हंगामात तो तुकडा गेला. पण एकच फेज गेली. वायरमनने सगळी घरं उरलेल्या दोन फेजवर टाकली. घराघरांतले पंखे फिरू लागले, माझी मोटर तेवढी बंद. कट्टा फोडल्याशिवाय काही होणार नाही, असं सांगून तो गेला. मी दारोदार फिरले. वर्षानुवर्षं ज्यांची चटणी मी कुटली त्यांनी सांगितलं, "वहिनी, लाईट हाय की!" नवराही कट्ट्यावर पाय हलवत तेच म्हणाला, "लाईट हाय की गं. एवढी काय घाई?"

बायकांनी आपापले डबे उचलले आणि दुसऱ्या पेठेतला डंक गाठला. हंगाम माझ्या डोळ्यांदेखत गेला. त्या दिवसांत नवऱ्याचं ताट मी वाढत होते, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

मग संघाच्या फायनलच्या आदल्या दिवशी दुसरी फेज गेली. उरलेल्या एका फेजला अख्खी गल्ली पेलणार नव्हती. निम्मी गल्ली अंधारात, आणि मॅच बघायला कट्ट्यावर मांडायच्या टीव्हीला ज्या घरातून वायर ओढायचे ते घरही. संध्याकाळपर्यंत कट्टा भुईसपाट. पहिली पहार माझ्या नवऱ्याने घातली. रीत कोणाला आठवली नाही. सकाळी वायरमन आले, सडका तुकडा काढला, नवा टाकला. उरलेल्या विटा रचून त्यांवर टीव्ही बसला.

"आली बघ तुझी थ्री फेज," नवरा मोठेपणाने म्हणाला, जणू माझ्या अंगावर पदरचं सोनं घातलं होतं.

कुटायला कोणाचीच मिरची उरली नव्हती. उरली होती फक्त आमच्या घरची, कारण आमची मी नेहमी शेवटी कुटते. जहाल लवंगी. मॅच सुरू झाली तशी मी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि डंक चालू केला. मिरचीचा झणझणीत खाट गल्लीभर उठला. विटांभोवतीची गर्दी खोकायला लागली, शिंकायला लागली, डोळे पुसायला लागली. तोंडाला टॉवेल लावून नवरा धावत आला.

"बंद कर की! मॅच दिसंना झालीया!"

"असं कसं वो? लाईट हाय की," मी म्हटलं आणि दुसरा डबा ओतला.