लख्ख घासलेला डबा

कमलीबाई मले आवडत नाही, हे मी पयलेच सांगून ठेवते. नाही तं उद्या कोनी म्हनन, गंगू एवढे गुन गाऊन राह्यली, म्हनजे दोघींचं लय गूळपीठ असन. काही गूळपीठ नाही. पन जे खरं हाये ते हाये, म्हनून सांगते.

वाशिमच्या बसस्टँडवर, रिसोडच्या गाड्या लागतात तिथं, लिंबाखाली ती बसते. तांड्यावरची बाई. टोपल्यात फुटाने, शेंगदाने, बोरं निंघाली तं बोरं. नवरा ऊसतोडीले गेला तो तिकडंच दुसरी करून बसला. दोन पोरी तिनं त्या टोपल्यावर उजवल्या. पन स्टँडवर तिची वळख टोपल्यानं नाही, डब्यानं हाये. खेड्यापाड्यातून शिकाले आलेल्या पोरापोरींचे डबे सकाळच्या एस्टीनं येतात. कंडक्टर ते कमलीबाईपाशी ठेवते, पोरं घेऊन जातात, अन् संध्याकाळी रिकामे डबे ती परतीच्या गाडीत चढवते. हे काम तिले कोनी सांगतलं नाही. एक डाव एका पोराचा डबा कुत्र्यानं ओढून नेला, तवापासून ती आपल्या मनानं राखाले बसली.

माझी सपना वाशिमले खोली करून राहे, कॉलेजात बीएस्सीले. मी रिठदवरून तिचा डबा पाठवो. आता पोरगी माझी, पन खोटं कायले बोलू? लय आळशी. डब्यात पानी फिरवलं की तिच्या लेखी डबा धुतला. झाकनाच्या कडीत बेसन वाळून चिकटलेलं राहे. रोज संध्याकाळी मी ते नखानं काढो अन् तिले इथूनच शिव्या देओ.

दिवाळी झाली अन् डबा लख्ख यायले लागला. कडी साफ, बूड साफ, राखेनं घासलेला. खोलीत गॅसवर चहा करनाऱ्या पोरीपाशी राख कुठून आली? दुसऱ्या बाईचा हात होता तो. बाईले बाईचा हात समजते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझा डबा, माझी पोरगी, अन् मधात ही कोन?

एक दिवस फोनवर सपना म्हने, "माय, ठेवते मी, येडी आवाज देऊन राह्यली."

"कोन वं येडी?"

"कमलीबाई. डब्यावाली."

मी म्हनलं, "मोठ्या बाईले येडी म्हनू नाही, सपने." तवर तिनं फोन ठेवला बी होता. तोंडानं दटावलं, पन पोटात गुदगुल्या झाल्या. येडी तं येडी! म्हनजे पोरगी काही तिच्या नादी लागली नव्हती. त्या रातीले मी दोन घास जास्त जेवली.

पन डबा लख्ख येतच राह्यला, अन् फोनवर पोरीचा आवाज बारीक होत गेला. एका सकाळी मी डबा रोजच्यासारखा कंडक्टरपाशी देला अन् त्याच गाडीत पदर ओढून मागच्या शिटावर बसली.

कॉलेजचा टाइम अन् माझी पोरगी लिंबाखाली फुटान्याच्या पुड्या बांधत बसलेली! पाहता पाहता कमलीबाईनं माझा डबा उघडला, भाकर मोडली अन् बेसनाले लावून सपनाच्या तोंडात देली. माझी भाकर, माझी पोरगी, अन् हात तिचा. तळपायाची आग मस्तकात गेली.

"कॉलेज नाही का वं तुले?" मी वरडली. सपना पांढरीफटक.

कमलीबाई म्हने, "बस बाई. पयले पानी पे."

"मी तुयाशी नाही बोलून राह्यली!"

तिनं काही राग धरला नाही. सपनाकडं पाह्यलं अन् म्हनली, "सांग पोरी. माय हाये तुयी." घ्या! माझ्या पोरीले माझ्याशी बोलाले हिची परवानगी.

मंग सपनानं खाली मान घालून सांगतलं. प्रॅक्टिकलचे सर तिले एकटीले मांगं थांबवत. अंगाले हात लावत. वरून म्हनत, कुठं बोलली तं मार्क माझ्या हातात हायेत. तिनं कॉलेज सोडलं होतं. जेवन जाये ना, तं भरला डबा मले दिसू नये म्हनून ती भाकर कुत्र्याले टाके. तेच कमलीबाईनं पाह्यलं. तिनं काही खोदून इचारलं नाही. म्हने, मले पुड्या बांधू लाग. अन् डबा आपून घासाले घेतला. पुड्या बांधता बांधता एक दिवस पोरगी आपल्यानंच बोलली.

अन् या बाईनं काय करावं? तिले सगळ्या जगात एकच दार माहीत, स्टँडच्या कंट्रोलरचं. पाकीट मारलं तं कंट्रोलर, दारुड्यानं हात धरला तं कंट्रोलर. ती सपनाले घेऊन सरळ तिथंच गेली. कंट्रोलर मोहनसिंग म्हने, "कमलीबाई, कॉलेज माझ्या डेपोत येते का?" ती म्हने, "नसन येत. पन मी उठनार नाही." मंग त्यानंच एकशे एक्क्याऐंशीच्या हेल्पलाइनले फोन लावला. तिथून बायकांच्या मदतीच्या केंद्राचा पत्ता भेटला. तिथल्या मॅडमनं सपनाले इचारून इचारून तक्रार लिवली अन् कॉलेजच्या समितीकडं देली. पोलिसात जायाचं तं तेबी सांगतलं. अन् मी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सपनाले समितीपुढं बोलाचं होतं.

हे सगळं आयकून माझ्या तोंडातून काय निंघालं?

"चाल घरी. कपडे भर."

सपनानं वर पाह्यलं. "पाह्यलं ना, माय? म्हनूनच तुले नाही सांगतलं."

मंग मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. कमलीबाईले म्हनलं, "तूच फूस लावली माझ्या पोरीले! पन ती काय समजते तुले, माहीत हाये का? येडी म्हनते तुले, येडी!"

गलका आयकून मोहनसिंग बाहेर आला होता. तो हळूच म्हने, "बाई, येडी नाही. याडी. आमच्या तांड्याच्या बोलीत याडी म्हनजे माय."

कोनी चारचौघात कानफटात मारली असती तं एवढं लागलं नसतं.

त्या रातीले मी सपनाच्या खोलीवर राह्यली. कपडे भर म्हनून परत बोलली नाही. सकाळी फक्त म्हनलं, सोबत एकजन बसू देतात ना आत, मी बसते. सपनानं माझा हात धरला. "माय, तू रडशीन. तू रडली तं मी बोलू नाही शकत."

आत कमलीबाई गेली. माझ्या पोरीच्या बाजूले, माझ्या जागेवर. अन् तिचं टोपलं कोन पाहीन? मी बसली लिंबाखाली, दात खात. डबे आले, पोरं आली. एक पोरगी मोबाईलमधी पाहत पाहतच म्हने, "याडी, डबा दे." मी देला.

दुपारून दोघी आल्या. सपनाचा चेहरा उतरलेला, पन मान वर. "सगळं बोलली, माय. एक बी गोष्ट नाही ठेवली." पुढं सरले कॉलेजात यायची बंदी झाली. चौकशी अजून चालू हाये. सपना वर्गात जाते, प्रॅक्टिकलले बी जाते.

आता मी दोन डबे पाठवते. दुसरा कमलीबाईचा. उपकार फेडाले नाही, आपलं असंच. पयल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही डबे परत आले. एक लख्ख, राखेनं घासलेला. दुसऱ्याच्या कडीत बेसन वाळून चिकटलेलं.

मी पयले तो चिकटलेला उचलला. पोरगी जेवली होती. अन् डबा तिनंच धुतला होता, म्हनजे धुतलाच नव्हता. नखानं बेसन काढता काढता मी तिले शिव्या देल्या, अन् रडली.

मंग कमलीबाईचा डबा उघडला. आत मूठभर फुटाने. रिकामा डबा परत कसा पाठवाचा, म्हनून असन! मी चार तोंडात टाकले.

येडी कुठची.