मीठ कोण बघणार?

आमच्या घरात बरीच वर्षं एक विचित्र प्रकार चालला होता. पाहुणे आले की मटण शिजायचं, पण ते आणणारा खायचा नाही आणि शिजवणारीही खायची नाही. आणणारा मी, शिजवणारी माझी बायको. मीठ बघायला पेणहून माझी बहीण लवकर यायची. तिने बोटावर रस्सा घेऊन "बरोबर हाय गो" म्हटलं की पातेल्यावर झाकण पडायचं.

हे सगळं काशीपासून सुरू झालं. वडील गेल्यावर पुढच्या वर्षी आम्ही घरची माणसं मिळून काशीला गेलो. तिथे गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची, ती मग जन्मभर खायची नाही, अशी रीत. लोक हुशार असतात. एका काकांनी पडवळ सोडलं. बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, कारलं सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी तोंडात घेतलं नव्हतं. मग माझी पाळी आली. वडिलांची आठवण ताजी होती, नदीवरचा वारा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, "वशाट."

वशाट म्हणजे मटण, मासे, अंडी, सगळंच. भावजी माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. ते कौतुक मला फार आवडलं, हे आधी कबूल करतो. शेजारी बायको उभी होती. ती खाडीकडच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरची. लहानपणी सुक्या मासळीशिवाय, सुकटीशिवाय भाकरी तिने बघितली नव्हती. तिच्याइतक्या आवडीने मासा खाणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. काटे कसे काढायची! जिताड्याचं डोकं तिच्या ताटातून उठायचं तेव्हा धुतल्यासारखं स्वच्छ असायचं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग मी पण."

माझं व्रत पुढचा पावसाळाही पुरा टिकलं नाही. धाटावला मी कामाला आहे त्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला डबे उघडले, कुणाच्या तरी डब्यात कांदा घालून परतलेली सुकट होती, आणि बाहेर मरणाचा पाऊस. मी एक घास घेतला. मग तो शिरस्ताच झाला. माझ्या डब्यातलं बायकोच्या हातचं वालाचं बिरडं शिफ्टमधली मंडळी वाटून घ्यायची आणि मी त्यांचं वशाट खायचो. पेणला बहिणीकडे जाताना वडखळला उतरायचं, हॉटेलात मटण-भाकरी हाणायची, वर बडीशेप चावायची आणि बहिणीकडे जाऊन पानात वाढलेलं बटाट्याचं कालवण मान खाली घालून जेवायचं. "माझा भाऊ शब्दाचा पक्का," असं ती शेजारणींना सांगायची. मी कानकोंडा व्हायचो, पण पुढच्या खेपेला पुन्हा वडखळला उतरायचो.

बोलणार कुणाशी? मुळात मी बोलणारा माणूस नाही. आणि जितके दिवस जात होते तितकं ते तोंडातून निघणं अवघड होत होतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र गंमत झाली. दरवर्षी थंडीत आमच्या रोह्याच्या अंगणात पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. सगळी भावंडं जमतात. त्या वर्षी अवकाळी पावसाने वालाचा फुलोरा झडला, शेंगा भरल्याच नाहीत. मंडळी तर यायचीच होती. पुण्याहून आलेल्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाबा, हे करू या. चीझी स्टेक स्लायडर्स."

"स्लायडर म्हणजे?" बायकोने विचारलं.

"स्लाइड म्हणजे घसरगुंडी," मी आपलं ज्ञान पाजळलं.

"पाव घसरतो कशावरनं?"

"घशातनं गं आई," मुलगी म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव घसरगुंडी पडलं.

व्हिडिओत तो गोरा माणूस गाईबैलाचं मांस घेत होता. ते आमच्याकडे चालणारं नव्हतं, म्हणून बोकडाच्या मांडीचं मटण ठरलं. बाकी कृती मात्र बघता बघता माझ्या डोक्यात बसली. पातळ पातळ कापलेलं मांस कडक तव्यावर झर्रकन परतायचं, कांदा आणि ढोबळी मिरची घालायची, चीजबरोबर पावात भरायचं आणि वर लसणीचं लोणी लावून भट्टीत घालायचं. पाव मात्र सुटे नकोत, एकमेकांना चिकटलेले हवेत. मी ओरडलोच, "अरे, ही तर आपली लादी!"

खरं सांगतो, इतका उत्साह मला मुलीच्या बारशालाही आला नव्हता. रविवारी उजाडताच बेकरीत हजर झालो.

"चार लाद्या. पण तोडायच्या नाय."

बेकरीवाल्याचा हात सवयीने लादीवर गेला होता. टरकन एक पट्टी निघालीसुद्धा.

"अहो, तोडू नका सांगितलं ना!"

"न तोडता खाणार कशी?"

"आडवी कापायची. अख्खी. खालचा मजला वेगळा, वरचा मजला वेगळा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "सायबानू, लग्न बिग्न हाय का घरात?"

"घसरगुंडी हाय," मी म्हणालो आणि लाद्या छातीशी धरून स्कूटरवर बसलो. तोडलेली लादी त्याने स्वतःच ठेवून घेतली आणि मला नवीन दिली, पण मागून त्याचं पुटपुटणं ऐकू आलं.

मटण आधी फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट कडक केलं. मग सुरी घासली आणि मांसाच्या धाग्यांना आडव्या चकत्या काढायला बसलो. अशा पातळ, की पलीकडची बोटं दिसावीत. मागच्या दारची कच्ची पपई किसून चोळली, नाहीतर बोकड काही ऐकत नाही. मिरी भरडली, लसूण ठेचली. बायको पडवीतल्या शेगडीपाशी बसून माझ्याकडे बघत होती.

"एवढ्या पातळ चकत्या करायला तुम्ही कधी शिकलात?"

"व्हिडिओ बघून," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

तिने तेवढ्यात एका लहान ताटलीत वेगळी तयारी केली होती. पनीर, कांदा, मिरची. चार पाव बाजूला काढलेले. "हे आपल्या दोघांचं," ती म्हणाली. दरवेळी अशी एक ताटली असायची. दरवेळी तीच ती करायची, मी कधी मागितलेली नव्हती.

तवा तापला. पहिली मूठ पडली आणि जो काही आवाज झाला! चर्र करून धूर उठला, मिरी नाकात गेली, कडा करपून तांबूस झाल्या. कांदा घातला, ढोबळी मिरची घातली, शेवटी वर चीज टाकलं तर ते बघता बघता वितळून सगळ्याला बिलगलं. मी उलथन्याने उचललं तर तारा निघाल्या, हातभर लांब. मी एकटाच हसत होतो.

बायको वाकून वास घेत होती. वर्षानुवर्षं न चाखता रांधून तिला वासावरून मीठ कळायचं. पण ह्या वेळी तिने मान हलवली.

"मटणाचं मीठ कळतंय. पण ह्या तुमच्या चीजचं आपलं वेगळं मीठ असतं. दोन्ही मिळून किती झालं, वासाला कळत नाय. ताईंना विचारा कुठे आल्यात."

मी बहिणीला फोन लावला.

"कासूला," ती ओरडली. "गाडी उभी करून ठेवलीय मेल्यांनी. मागनं एक्स्प्रेस काढतायत म्हणे. पोर कुठेय?"

"तुलाच घ्यायला स्टेशनवर गेलीय."

"मग बसू दे तिथेच. आणि मी आल्याशिवाय भरू नका हां पाव!"

फोन ठेवला. मटण तयार होतं, ओव्हन तापला होता, चीज घट्ट व्हायला लागलं होतं. आणि घरात आम्ही दोघंच, दोघंही न खाणारे.

"आता मीठ कोण बघणार?" बायको म्हणाली.

मी तव्यावरची एक चकती उचलली, चीजची तार तुटेपर्यंत वर ओढली, तोंड वर केलं आणि खाल्ली. विचार केलाच नव्हता. इतक्या वर्षांची सवय आणि त्यात सकाळपासूनचा तो आनंद. डोळे मिटले. काय झालं होतं, देवा! मऊ, तिखट, धुराचं.

"मीठ बरोबर हाय. मिरी थोडी हवी," मी म्हणालो आणि डोळे उघडले.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती झटकन उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

"थुका आधी. चूळ भरा. अहो, चुकून झालं. घाईत झालं. चुकून झालेल्याला दोष नसतो." मग दाराकडे बघून हळू आवाजात, "मी कुणाला सांगायची नाय. ताईंना पण नाय."

तांब्या माझ्या हातात होता. एक चूळ भरली असती की सगळं मिटलं असतं. जन्मभरासाठी मिटलं असतं, कारण तिने स्वतःच माझ्यासाठी जागा करून दिली होती. मी तांब्या ओट्यावर ठेवला.

"चुकून नाय," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी खातो. बाहेर. पहिल्यापासून."

तिला पटकन कळलंच नाही. "कधीपासून?"

"काशीहून आलो, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात."

"कुठे?"

"धाटावला. वडखळला. मिळेल तिथे."

"मग मी देते ते बिरडं?"

"शिफ्टमधली माणसं खातात. त्यांना फार आवडतं."

"आणि तुम्ही?"

"त्यांच्या डब्यातली सुकट."

बाकी सगळं तिने ऐकून घेतलं होतं. सुकटीपाशी ती अडकली. "सुकट," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "सुकट." आणि खाली बसली.

मला वाटलं रडेल, किंवा ताटली भिरकावेल. ताटली तिने फक्त बाजूला सरकवली. मग म्हणाली, "काशीला मी काय म्हटलं होतं, आठवतं?"

"मग मी पण, म्हणालीस."

"व्हय. मग मी पण. मी देवासाठी नव्हतं सोडलं हो. तुम्ही सोडलंत म्हणून सोडलं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमचं मोडलं त्या दिवशी माझं पण सुटलं. मला फक्त कुणी सांगितलं नाय."

मिरीची डबी मी तिच्यापुढे ठेवली.

ती उठली. मिरी भरडून तव्यात टाकली, मी सांगितलं होतं तेवढीच. लादीचा खालचा मजला ट्रेमध्ये मांडला, मटण पसरलं, चीज घातलं, वरचा मजला नीट बसवला, लसणीचं लोणी लावलं, आणि ट्रे आत सरकवला. काचेतून लोणी बुडबुडताना दिसायला लागलं. वास पार अंगणापर्यंत गेला असावा, कारण फाटकातूनच बहिणीची हाक आली, "माझ्याशिवाय भरलात ना रे पाव? मीठ कुणी बघितलं?"

अंगणात सतरंज्या पडल्या, सगळे बसले. पोरं ट्रेभोवती घोटाळत होती. मुलीने लादीची पहिली पट्टी उचलली तर चीजच्या तारा ट्रेपासून तिच्या खांद्यापर्यंत आल्या, आणि जो काही गलका झाला! भावजी दोन पाव एकदम घेऊन म्हणाले, "मेहुणे, पोपटी गेली चुलीत. दरवर्षी घसरगुंडीच करा."

बहिणीने सवयीने पनीरची ताटली उचलली आणि बायकोपुढे धरली. "घे गो, तुमच्या दोघांचं."

"ती त्यांना द्या," बायको म्हणाली. "सगळी. मला ट्रेमधला द्या. कडेचा, कुरकुरीत."

बहिणीचा हात हवेतच राहिला.

"गो, तुझं वशाट..."

"तुमचा भाऊ सांगेल," ती म्हणाली आणि कडेचा पाव स्वतःच उचलला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, अगदी काशीला बघत होते तसे. माझ्या हातात पनीरचा पाव होता. भावजी, ज्यांनी कारलं सोडलं होतं आणि आजवर पाळलं होतं, तेही थांबले. मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या डब्यापासून. मध्येच पनीर घशात अडकत होतं, बहीण "अरे मेल्या" म्हणाली, कुणीतरी हसलं, मुलीने तोंडावर हात ठेवला. मी थांबलो नाही. वडखळ सांगितलं, बडीशेप सांगितली, बटाट्याचं कालवण सांगितलं.

ऐकता ऐकता बायकोचा दुसरा पाव चालू होता. माझ्याकडे ती बघत नव्हती. तिसरा घेताना चीजची तार तिच्या हनुवटीला लागली, ती तिने बोटाने गोळा केली आणि बोट चाटलं.

"मीठ बरोबर हाय," ती बहिणीला म्हणाली. आणि मग मला, इतक्या वेळात पहिल्यांदा, "थांबलात का? सुकटीचं राहिलं. ते पण सांगा."