गुण्यात न बसलेला नांगर

दुपारच्या जेवणात बांगड्याचं तिखलं असलं की सर्जेरावाला झोप आवरत नाही. आजही तो वर्कशॉपच्या फरशीवर एक खोका उलगडून पडलाय. वर तापलेले पत्रे टकटक वाजतायत आणि पायाशी तो नांगर पडलाय. त्याचं तोंड बघायला नको म्हणून सर्जेराव डोळे मिटतो, तर नांगर मिटल्या डोळ्यांसमोर येऊन बसतो.

होडीचा नांगर हा, शेतातला नव्हे. दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे घाटावरच्या माणसाला आधी एवढं सांगून टाकलेलं बरं. सर्जेराव कोल्हापूरकडचा. पाच वर्षांपूर्वी जेटीवरच्या शेडच्या कामाला म्हणून या खाडीकाठच्या गावात आला आणि गेट, ग्रिल, जिने जोडत इथलाच झाला. त्याने बसवलेलं गेट कधी कुरकुरत नाही, हे गाव मान्य करतं. पण नांगर केला आणि त्याचं पार हसं झालं. पहिल्या चाचणीत नांगर खाडीच्या तळावरून घसरत गेला. मग त्याने नांगराचं वजन वाढवलं. दुसऱ्या वेळी तो वजनासकट घसरत गेला. दोन्ही वेळा वर आला तेव्हा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. तेव्हापासून जेटीवर त्याची चौकशी होते ती अशी, की नांगराला कडी कुठल्या बाजूने बसवलीस.

त्याच्या बाजूने उभा आहे तो फक्त दाजी कोयंडे. दाजी साठीचा, हयात मासेमारीत गेलेली. बाजारातून आणलेला नांगर इथल्या चिखलात टिकला नाही, मागच्या वादळात दाजीची होडी सुटून खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, आदळली आणि तिच्या चार फळ्या बदलाव्या लागल्या. म्हणून त्याने हे काम सर्जेरावाला सांगितलं आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. आज सकाळी तो वर्कशॉपच्या दारात उभा राहून म्हणाला, “पाच वाजता सुकतीक जोर येतलो. मी होडी खडपाच्या तोंडार नेतंय आणि इंजिन बंद करतंय. नांगर रवलो तर रवलो. नाय रवलो तर होडी गेली, आणि माझ्यावांगडा तूय गेलंस.”

दाजी हे रागाने बोलला असता तर परवडलं असतं. तो अगदी साधं, उद्याचा बाजार सांगावा तसं बोलला. नांगरात काय चुकतंय हे सर्जेरावाला अजून कळलेलं नाही, आणि ओहोटीला जोर यायला तीन तास उरलेत.

पत्रे वाजायचे थांबतात.

भिंतीवरच्या खिळ्याचा गुण्या कुणीतरी काढून घेतं. काटकोन तपासायचा हा लोखंडी गुण्या सर्जेराव कुणाला हात लावू देत नाही. तो मान वर करून बघतो तर आप्पा. नऊ वर्षांपूर्वी गेलेले त्याचे वडील, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून नांगराशी उकिडवे बसलेत. मेलेला माणूस आला म्हणून सर्जेरावाला भीती वाटत नाही. त्याला लाज वाटते, कारण आप्पा नेमका तोच नांगर निरखतायत.

“ह्यो कुनी केला?”

“म्या केला, आप्पा.”

आप्पा गुण्या फाळाला लावून बघतात. फाळ म्हणजे नांगराची जमिनीत शिरायची पाती. गुण्या तंतोतंत बसतो.

“फाळ गुण्यात बसवलास?”

“गुण्यात नको तर मग कशात? सगळं गुण्यातच बसवतो मी.”

“आरं, ह्यो काय दरवाजा हाय व्हय?” आप्पा हसतात. हसताना त्यांच्या घशात होणारी बारीक शिटी सर्जेराव विसरला होता. “दरवाजा जाग्याव उभा ऱ्हातो. नांगराला खाली जायाचं असतं.”

“पर ह्यो होडीचा हाय, आप्पा. शेतातला न्हवं.”

“मग नांगर का म्हनता त्येला?”

सर्जेराव शटर उघडतो तर समोर रस्ता नाही, रिक्षा स्टँड नाही. आप्पांचं रान आहे, काळंभोर, पार ओढ्यापर्यंत. मधोमध त्याने शाळेसाठी जोडलेलं निळं गेट उभं आहे, भिंतीवाचून. आप्पा ते उघडून पलीकडे जातात आणि शिस्तीत कडीही लावतात.

“सर्जा,” आप्पा हाक मारतात.

आप्पांकडे बैलजोडी होती, सर्जा आणि राजा. बैलावरून पोराचं नाव ठेवलं की पोरावरून बैलाचं, हा वाद घरात कधी मिटला नाही. आप्पांनी हाक मारली की गोठ्यात एक मान वर व्हायची आणि पडवीत एक. आज राजा जुवाखाली उभा आहे, रवंथ करतोय. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. सर्जेराव जातो आणि मान वाकवून उभा राहतो. लाकूड खांद्यावर बसतं. जड आहे, पण हे कुणीतरी कधीतरी करायलाच हवं होतं असं त्याला वाटतं.

“वड.”

तो ओढतो. राजाही ओढतो. मागे त्याचा नांगर मातीवरून खडखडत येतो, रिकाम्या गाडीसारखा. खांद्याला लागतंय ते नुसतं थरथरणं. दहा पावलं जातात, वीस जातात. पावलाखालची माती आता ओली आहे, मग चिखल आहे, मग वर पाणी आहे. हिरवं पाणी, आणि त्यात दाजीच्या होडीचं बूड दिसतंय, बदललेल्या चार फळ्यांसकट. होडी त्यांच्याबरोबर सरकतेय. पुढे खडप काळं दिसायला लागलंय.

“लागंना,” मागून आप्पा म्हणतात. “थांब.”

लाकडावर हातोडीचे ठोके ऐकू येतात. आप्पा फटीत पाचर मारतायत, फाळ झुकवतायत. सर्जेरावाला बघायचंय ते कसं करतात. त्याहून जास्त, त्याला आप्पांचा चेहरा एकदा नीट बघायचाय. पण जुवाखालच्या बैलाला मान वळवता येत नाही. म्हणून मग तो समोर बघतच, नऊ वर्षं पोटात ठेवलेलं विचारतो.

“आप्पा, मी रान सोडून वेल्डिंगला गेलो म्हनून बैल इकलंसा ना?”

ठोके थांबतात.

“कुनी सांगितलं? माजं गुडघं गेलं म्हनून इकलं. ढेकळात पाय ठरंना. तू काय गुडघ्याचा डाक्टर हुतास?”

सर्जेरावाला हसू येतं आणि रडूही येतं. पाण्याखाली कुणाला काय कळतंय म्हणून तो दोन्ही उरकून घेतो.

“हात मागं कर,” आप्पा म्हणतात. ते त्याचा तळवा धरतात, अंगठा ताणून बोटांपासून दूर करतात, पण पुरता नाही. “एवढं. ह्येच्यापरास उघडायचं न्हाई. आता वड.”

सर्जेराव ओढतो. एक पाऊल जातं. अर्धं जातं. मग मागे काहीतरी खाली बुडतं, मातीला पकडतं, आणखी खाली जातं. थरथरणं थांबतं. तो पाय रोवतो, राजा पाय रोवतो, दोघं जीव खाऊन ओढतात. काही हलत नाही. वर होडीही जागच्या जागी थांबलीय. जागचं हलता येत नाही याचा एवढा आनंद आजवर कुठल्या बैलाला झाला नसेल.

“म्या म्हनायचो,” आप्पांचा आवाज अगदी कानाशी येतो, “तुज्या हाताला नांगर लागायचा न्हाई. लागला की.”

पत्रे पुन्हा टकटक वाजतायत. घड्याळात अडीच वाजलेत. सर्जेरावाचा उजवा हात छातीवर आहे, अंगठा ताणलेला, पण पुरता नाही. तो हात तसाच धरून उठतो आणि डाव्या हाताने खडू शोधतो.

मग दोन तास वर्कशॉपमधून ठिणग्या उडत राहतात. तो दोन्ही फाळ ग्राइंडरने कापून काढतो आणि तळव्याच्या मापाने झुकते बसवतो. गुण्याला हात लावत नाही. नांगर आता वाकडा दिसतो, आणि असलं वाकडं काम घेऊन गावातून जायची सर्जेरावाची ही पहिलीच वेळ. त्याला अजिबात लाज वाटत नाही.

पाच वाजता जेटीवर बरीच माणसं जमलीत. होडीत मात्र दोघंच आहेत. खडप समोर, पाणी समुद्राकडे धावतंय, आणि दाजी इंजिन बंद करतो. सर्जेराव नांगर सोडतो. दोरी सरसरत जाते, संपते, ताणली जाते. होडी सरकते. दाजी किनाऱ्याकडे डोळे लावून बसलाय. देवळाचा कळस आणि मागचा मोबाइलचा टॉवर त्याने एका रेषेत धरलेत. ते एकमेकांपासून सुटले की होडी गेली. कळस हळूहळू बाजूला सरकतो. हातभर, दोन हात.

सर्जेराव दोरीवर तळवा ठेवतो. थरथर आहे.

मग नाही.

दोरी ताठ होते आणि गप्प होते. पाणी होडीला दोन्ही बाजूंनी चाटत निघून जातं. कळस आणि टॉवर होते तिथेच राहतात. दाजी पुढे येऊन दोरीला हात लावतो आणि बराच वेळ काढत नाही.

“लागलो,” तो म्हणतो. आणि मग जेटीवरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “नांगर लागलो रे.”

काठावरून कुणीतरी शिट्टी मारतं. नांगर वर काढायला त्या दोघांना अर्धा तास घाम गाळावा लागतो. खाडी त्याला सोडायलाच तयार नसते. शेवटी वर येतो तो चिखलाने पार भरलेला. सर्जेराव जेटीवरून तो तसाच, न धुता, खांद्यावर टाकून मिरवत नेतो. लोक बाजूला होऊन वाट देतात. कडीची चौकशी कुणी करत नाही.

घरी त्याची बायको हौसा आंघोळीचं पाणी काढून ठेवते. तो शर्ट उतरवतो आणि तिच्या हातातला तांब्या हातातच राहतो. मानेच्या मागे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, एक आडवा पट्टा उमटलाय. कातडी सोललेली आणि सुजलेली.

“नांगर खांद्यावरनं आनला, त्याचं आसंल,” तो म्हणतो.

हौसाचं माहेर बैलबारदाण्याचं. नांगर एका खांद्यावर वाहतात, असा आडवा पट्टा जुवाचाच असतो आणि सर्जाला जुंपणारं माणूस घरात एकच होतं, हे तिला कुणी सांगायला नको. ती आत जाते आणि वाटीत लोणी हळद कालवून आणते, बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायला घेतात तशी. त्याला पाटावर बसवते आणि दोन्ही हातांनी, सावकाश, तो पट्टा मळायला लागते.

“आप्पांनी किती येळ जुपलं हुतं?” ती विचारते.

“नांगर लागंस्तवर,” सर्जेराव म्हणतो.