मामांचे न दिसणारे स्क्रू

माझ्या धाकट्या मामांइतका सज्जन आणि डोकं उठवणारा सुतार अख्ख्या गोव्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही देवळात नारळावर हात ठेवून सांगेन. मामा चोपड्याचे. लाकडात स्क्रू दिसणं म्हणजे भर बाजारात लुंगी सुटणं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते म्हापशाहून खास स्क्रू आणतात. स्क्रू पिळून झाला की त्याची खाच लाकडाच्याच रंगाच्या चकतीखाली जाते आणि वरून सगळं गुळगुळीत. ती चकती कुठे आहे, हे फक्त मामांच्या बोटांना कळतं. कुठे लिहून ठेवा म्हटलं तर उखडतात, "मी काय शिकाऊ आसंय?"

बरं, हे वेड स्वतःच्या कामापुरतं ठेवलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही डिचोलीला गेलो. पोहे आले, मुलगी आली, आणि आमचे मामा शोकेसच्या मागे ओणवे! घरी आल्यावर आईनं विचारलं, "चेडू कसा वाटला रे?" तर म्हणे, "शोकेस बरो, पण बिजागरीचो स्क्रू वाकडो." तीच मुलगी आज माझी बायको आहे आणि मामांनी बांधून दिलेल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी साखरेचं कपाट शोधते. त्याला ना मूठ, ना फट! एकदा सिंकखालचा पाइप फुटला, तेव्हा बेळगावकडचा प्लंबर गुडघ्यावर बसून कपाट ठोकत राहिला. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "साहेब, हे उघडतंय कुठनं? का मंत्र म्हणायचा?" तोवर घरभर घोट्यापर्यंत पाणी.

पण गेल्या चवथीला मामांनी कहर केला. पावसाआधी त्यांनी आमोण्याच्या आमच्या घरात गणपतीच्या खोलीला फणसाच्या फळ्यांचं छत मारून दिलं होतं. छत सुंदर, वादच नाही. येणारे-जाणारे मान दुखेपर्यंत बघायचे. चवथीच्या आदल्या दुपारी मी माटोळी टांगायला शिडीवर चढलो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. नारळ, चिबूड, सुपारीचे घोस, रानातली फळं, सगळं तिला बांधायचं. आईचा सगळा जीव त्या माटोळीत. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक वर्ष चुकवलं नव्हतं, आणि त्याही वर्षी दुखरे गुडघे घेऊन आठवडाभर रान फिरली होती. आणि वर बघतो तर माटोळीचे चारही हूक गायब!

मी फोन केला. मामा शांतपणे म्हणाले, "हूक दिसत होते ते बरे दिसनत नाय, म्हणून आत घातलंय. थांब, येतंय."

आले. शिडीवर चढले, डोळे मिटून फळ्यांवरून बोटं फिरवू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली आई भरलेल्या चौकटीपाशी हात जोडून बसलेली. माझा पारा चढला. "मामा, कुणी सांगितला होता तुम्हाला हा शहाणपणा? आता माटोळी काय हवेत टांगू?"

मामांनी पुन्हा तीच फळी चाचपली आणि वरूनच अगदी हळू म्हणाले, "गावना नाय रे. म्हयनो झालो, बोटांक कायच कळना नाय. कोणाक सांगूक नाय मी."

मला माझीच लाज वाटली. मी शिडी घट्ट धरली.

आई म्हणाली, "साधे हूक मार रे बाबू. दिसले तर दिसले. गणपती काय तुझे स्क्रू बघूक येता?"

त्या देखण्या छतात मामांनी स्वतःच्या हातानं चार जाडेभरडे लोखंडी हूक पिळले. दिवेलागणीला माटोळी वर गेली. आईनं नमस्कार केला, मग खोबरेल तेलाची वाटी घेऊन भावासमोर बसली आणि त्याचं एकेक बोट चोळू लागली.

"कळता रे?"

"कळता गो," मामा म्हणाले.

ते खोटं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आई चोळत राहिली.