टाकीतला लव्हाळा

आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. त्यामुळे खत, मोबाईल, रक्ताचा रिपोर्ट, काहीही असो, माझं मत घेतलं जातं आणि मी ते देतो. मलकापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे हा माझा पगारी हक्कच आहे.

तो हक्क मला मिळवून दिला शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी. दहावीनंतर वडील, म्हणजे आबा, मला सैन्याच्या भरतीची तयारी करायला लावणार होते. सर आमच्या शेतावर आले, बांधावर बसले आणि आबांना पटवूनच उठले. आता ते निवृत्त होऊन सांगलीत राहतात. ज्या सांगलीत कृष्णा न बोलावता घरात येते, तिथं सर मोजून मीठ कालवतात आणि काचेच्या टाकीत समुद्र तयार करतात. टाकीत चार मासे, काही खडक आणि एक प्रवाळ. सुपारीएवढा आणलेला हा प्रवाळ दोन वर्षांत लिंबाएवढा झाला होता. सरांचा सगळा जीव त्या लिंबात.

एके दिवशी सरांचा फोन आला. खडकावर काहीतरी उगवलंय, निळ्या दिव्यात चमकतं, प्रवाळाला धोका नाही ना ते येऊन बघ, म्हणाले. रविवारी गेलो. सरांनी भर दुपारी पडदे ओढले आणि टाकीचा निळा दिवा लावला. खडकावर पाच-सहा हिरवेगार ठिपके पेटल्यासारखे दिसले. प्रत्येकाला आखूड बोटं, बोटांच्या टोकाला जांभळट गाठी. असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. मुळात समुद्रच दोनदा पाहिलेला, एकदा सहलीत आणि एकदा लग्नानंतर. पण ‘माहीत नाही’ हे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

“प्रवाळाची पिल्लं आहेत, सर,” मी म्हणालो.

शाळेच्या प्रयोगशाळेत सर प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावत. नमुना काय, कुठला, ओळख कोणी पटवली. तशीच चिठ्ठी त्यांनी टाकीला चिकटवली आणि शेवटच्या ओळीत माझ्या नावापुढे एम.एस्सी. लिहिलं. माझा ऊर भरून आला. ऊर भरलेला माणूस गप्प बसत नाही, म्हणून मी सल्लाही दिला. उसाची उगवण विरळ झाली की मोकळ्या जागी रोपं लावून आपण नांग्या भरतो. तसे हे कोंब तोडून मोकळ्या खडकांवर बसवा, टाकी भरून जाईल.

टाकी भरली. माझं तेवढंच एक भाकीत खरं ठरलं.

तीन महिन्यांनी मिरजेला आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतरच्या तपासणीहून येताना आम्ही सरांकडे थांबलो. प्रवाळाला हिरव्या ठिपक्यांनी चहूबाजूंनी घेरलं होतं आणि त्याची एक कड पांढरी पडली होती. सर रागावले नाहीत. “पिल्लं आईला खातात का रे?” एवढंच त्यांनी विचारलं. मी पाण्याचा खारटपणा, तापमान आणि प्रकाश या विषयांवर बराच वेळ माहितीपूर्ण बोललो.

आबा काळा चष्मा कपाळावर सरकवून, काचेला नाक लावून बघत होते. यातलं एक तोडलं तर किती उगवतात, असं त्यांनी सरांना विचारलं. चार-पाच, सर म्हणाले.

“आवं गुरुजी, मग ह्यो लव्हाळा हाय की,” आबा म्हणाले. “ह्याच्या नांग्या भरल्या कुणी?”

चिठ्ठी समोरच होती आणि आबांना वाचता येतं.

लव्हाळा वरून उपटला तर खाली गाठ राहते आणि एकाचे दहा होतात, हे आमच्या उसातल्या प्रत्येक सरीला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, पण ते पदवीच्या आधी. सरांनी आता मोबाईलवर प्रवाळाऐवजी टाकीतलं तण शोधलं. एक उपद्रवी समुद्रफूल निघालं, नाव मजानो. शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावतं.

“मजा न्हाईच त्यात,” आबा म्हणाले.

त्यांचा उपाय सोपा होता, मातीसकट काढायचं. हातमोजे घालून आम्ही खडकच्या खडक बादलीत भरले. राहिला प्रवाळाचा खडक. त्याचा चांगला भाग कापून नव्या दगडावर बसवावा लागणार होता. सरांनी कटर उचलला, प्रवाळाजवळ नेला आणि परत मागे घेतला. मग तो माझ्यापुढून नेला आणि आबांच्या हातात दिला. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका सांगितलं होतं, हाताचं काही बोलले नव्हते. उसाच्या बेण्याची कांडी तोडताना कोंबाचा डोळा राखतात, तसा आबांनी तो प्रवाळ सोडवला.

लिंबाची पुन्हा सुपारी झाली. पण महिन्याभरात ती उमलली आणि तिच्याजवळ एकही हिरवा ठिपका नाही.

एक मजानो सरांनी बरणीत ठेवलाय, जुन्याच चिठ्ठीसह. वहीत चूक झाली तर गिरबटू नका, एकच रेघ मारा, वाचता आली पाहिजे, असं ते आम्हाला शिकवायचे. माझ्या नावावर तशी एकच रेघ आहे. एम.एस्सी. स्वच्छ वाचता येतं. खाली आबांचं नाव लिहिताना सरांनी त्यांना शिक्षण विचारलं होतं.

“चौथी लिवा,” आबा म्हणाले. “नापास लिवू नगा.”