हात न लावता

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर दोर टाकणारे एक काका आहेत. दिघीकडच्या शाळेत शिकवायला मी रोज त्याच बोटीने जातो, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. काम नसलं की ते मोबाइलवर कुम्बिया नावाची नाचगाणी लावतात. तरुणपणी मालवाहू जहाजावर होते, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत हे वेड लागलं.

मला सगळी गाणी सारखीच वाटतात. असं म्हटलं की ते चिडतात. "सारखी कशी? कोलंबियात ढोल नि बासरी, पेरूत गिटार, मेक्सिकोत एकदम संथ. आपल्याकडं न्हाय का, गावागणिक कोळीगीताची चाल बदलते!" बोलताना ते पाय न उचलता, पत्र्यावर घासत पुढे सरकतात. आधी मला वाटलं होतं, ते लंगडतात; ती त्या नाचाची पावलं निघाली.

कोलंबियात बाई पेटत्या मेणबत्त्या हातात धरून नाचते, हे त्यांनीच सांगितलं. एकदा सुट्टीत त्यांनी बायकोला अंगणात तो नाच शिकवला. खाडीच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकेना, म्हणून तिने बॅटरी धरली आणि हसत हसत नाचली.

दोन वर्षांपूर्वी ती वारली.

काल दिघीला गाड्या उतरल्या तरी मी रेंगाळलो. रिकाम्या बोटीवर काका एकटेच नाचत होते, मधे एका माणसापुरती जागा सोडून, तिच्याभोवती गोल. मला पाहूनही थांबले नाहीत.

"ह्या नाचात बाईला हात लावायचा न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "म्हणून तर अजून जमतंय."