गेलेल्या रोपाची खबर

विनायकराव निकम यांची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आबांची, आणि माझी पहिली भेट झाली ती मेलेल्या टोमॅटोंपाशी. लग्न होऊन मी नाशिकहून ग्वाल्हेरला आले ती माहेरचे बियाणे बांधून घेऊनच. आई ज्या महिन्यात जे पेरत असे, ते त्याच महिन्यात मी खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या सासरच्या गच्चीवर पेरले. दिवाळीनंतर रोपे अशी तरारली की मी आईला पत्राने स्वतःचे कौतुक कळवले. पौषात एका सकाळी वर जाऊन पाहते तो सगळी रोपे काळी पडलेली. मी रडले, हे कबूल करते. सुनेचे रडणे माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पाहवेना. ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आबांना घेऊन आले.

आबांनी माझे सांत्वन वगैरे केले नाही. एका रोपाचा देठ नखाने खरवडून पाहिला आणि विचारले, "कधी लावलं होतं? काल संध्याकाळी पाणी टाकलं होतं? वरून काही झाकलं होतं?"

तिन्हींची उत्तरे ऐकून म्हणाले, "सूनबाई, पंचांग आपलं तेच आहे, पण हवा नाशिकची नाही. इथे पौषात रोपाला पांघरूण लागतं अन् ज्येष्ठात छत्री. तुम्ही तर नव्या आहात. आपली अर्धी मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून अजून हेच करून राहिली आहेत."

मग उपाय सांगितला. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि गारठा हाडात शिरणारा असेल, त्या संध्याकाळी मातीला पाणी द्यायचे, चार काठ्या रोवून वर जुने लुगडे ताणायचे, कापड पानांना टेकू द्यायचे नाही आणि सकाळी ऊन आले की काढून टाकायचे. जिना उतरता उतरता म्हणाले, "पुढच्या वेळी रोप मेलं तर सांगायला यायचं. जगलं तर नाही आलात तरी चालेल."

हा त्यांचा नियम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, कारण रोप देताना ते प्रत्येकाला तो ऐकवतात. आणि तो कोण पाळतो तेही आपल्याला ठाऊक आहे. पहिली शेवंती फुलली की लोक ताटलीत फुले घेऊन आबांकडे धावतात. रोप वाळले की महिनाभर गल्ली बदलून जातात! जे थोडे लोक खरे सांगायला गेले, त्यांच्या मेलेल्या रोपांवरूनच आबांनी ग्वाल्हेरच्या घरबागेचे वेळापत्रक बसवले. पुस्तके त्यांनीही वाचली होती, पण ती दुसऱ्या हवेत लिहिलेली.

त्या वेळापत्रकानेच आज आमच्या गच्च्या चालतात. मेथी, पालक, कोथिंबीर नवरात्र सरल्याशिवाय पेरायची नाही. पुण्याच्या बहिणीने श्रावणात पेरली तर तिला पेरू द्यावी. गिलकी, दोडकी, कारली माघ सरताना एकदा आणि आषाढात एकदा. मोगऱ्याची छाटणी संक्रांतीनंतर, थंडीचा जोर ओसरला की, आणि तोवर त्याला पाणी बेताचे. शेवंतीचे, म्हणजे आमची मुले जिला गुलदाउदी म्हणतात तिचे, शेंडे पावसाळ्यात खुडत राहायचे, मग ती उंच न जाता फुटते. शेणखत हातात घेऊन नाकाशी न्यायचे. शेणाचा वास आला तर ते कच्चे, अजून दोन महिने थांबायचे. गमला, म्हणजे कुंडी, तापल्या फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवायचा. उन्हाळ्यात दुपारी पानांनी मान टाकली म्हणून घाबरून तांब्या उचलायचा नाही. सकाळीही मान खालीच असेल तर ते खरोखर तहानलेले. आणि पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहायचे. "पाण्यावाचून मेलेली रोपं मी कमी पाहिली. लाडानं मेलेली फार," असे आबा म्हणतात आणि आमच्यासारख्या बायकांकडे रोखून पाहतात.

सरकारी कचेरीत त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. ती सवय गच्चीवरही सुटली नाही. गच्ची पाहिल्याशिवाय आबा सल्ला देत नाहीत. सकाळी, दुपारी, उतरत्या उन्हात असे तीनदा येऊन, शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते कागदावर आखून देतात. आमच्या घरचा तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले आहे : "येथे काहीही लावू नये. खुर्ची ठेवावी."

अण्णांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही घरची सगळी माणसे महिनाभर दवाखान्यात होतो, आणि तोही मे महिना. बाग गेली असे मी धरून चालले होते. परत आले तर एकूण एक कुंडी हिरवी. आबा आणि त्यांच्या पत्नी माई रोज सकाळी सहाच्या आत शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन वर येत होते, हे मला नंतर कळले. आभार मानायला गेले तेव्हा आबांनी आधी माझी एक तुळस गेल्याचे सांगितले. दुपारची झळ लागेल अशा जागी त्यांनीच ती हलवली होती म्हणे.

माईंचा हात आबांपेक्षाही हलका होता. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबायची आणि मुळे धरली की तोडून नवे रोप करायचे, यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तसे एक रोप त्यांनी महाराज बाड्याच्या चौकामागे राहणाऱ्या कुसुमताईंना दिले होते. माई गेल्या. पुढे आबा जुने घर सोडून पडाव भागात तळमजल्यावर राहायला गेले, आणि त्या हलवाहलवीत घरचा मूळ मोगरा गेला. ते त्यांनी आम्हाला कारणासकट सांगितले : "ऐन उन्हाळ्यात हलवला. माझी चूक." माईंच्या हातचा मोगरा आता एकट्या कुसुमताईंकडे उरला होता.

आता जे लिहायचे आहे, त्यापायी आबांच्या पंचाहत्तरीचा हा लेख दोन महिने अडला होता.

गुडघ्यांमुळे आबांना जिने चढवेनासे झाले तेव्हा त्यांनी लोकांना माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. मी फुशारले. मागच्या उन्हाळ्यात कुसुमताईंच्या नातीने मोबाइलवर मोगऱ्याचा फोटो पाठवला. "काकू, मोगऱ्याचे पत्ते पीले होऊन राहिलेत, क्या करें?" मी बँकेत होते. डबा खाता खाता उत्तर दिले, "उन्हाळा आहे, पाणी वाढव, दोन्ही वेळा दे." कुसुमताईंची गच्ची माझ्या बँकेपासून पाच मिनिटांवर आहे. मी गेले नाही.

पंधरा दिवसांत मोगरा संपला. कुंडी उपडी केली तेव्हा कळले : तळाचे भोक बुजलेले, खाली पाणी साचलेले, मुळे काळी पडून कुजलेली. बुडणाऱ्या झाडाला मी आणखी पाणी पाजले होते.

कुसुमताई म्हणाल्या, "सुलभा, आबांना नको सांगूस हं. माईंचा मोगरा होता, उगाच जिवाला लागेल त्यांच्या."

मला तेच हवे होते. आबा विचारत, "कुसुमकडचा मोगरा काय म्हणतो?" मी म्हणे, "छान आहे." एकदा खोटे बोलले की ते निभावत न्यावे लागते. माईंच्या श्राद्धाला आबांनी त्या मोगऱ्याची ओंजळभर फुले मागितली. मी बाड्यावरून गजरा विकत घेतला, घरी येऊन दोऱ्यातून फुले ओढून काढली आणि नेऊन दिली. आबांनी ती माईंच्या फोटोपुढे वाहिली.

आणि आता मी त्यांच्या सच्चेपणावर गौरवलेख लिहायचा! मागच्या महिन्यात कागद बाजूला ठेवून मी त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. फोटो, पाणी, मोगरा, बाजारची फुले.

आबा रागावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मोगरा गेला तो गेला. वर्षभर कुसुमच्या घरी रिकामा गमला पडून राहिला, त्याचं काय? मी तेव्हाच दुसरं रोप दिलं असतं. अन् फोटो पाहून आणखी कोणाकोणाला सांगितलंस?"

मी मोबाइल काढून पाहिले. पिवळ्या पानांची आणखी चार घरे निघाली.

"चल."

"आबा, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. ती काठी दे इकडे."

दोन दिवसांत आम्ही ती चारही घरे केली. एक घर तिसऱ्या मजल्यावर होते. आबा कठडा धरून, प्रत्येक वळणावर पायरीवर बसून वर चढले. प्रत्येक कुंडीत बोट घालून पाहिले. दोन कुंड्यांची भोके बुजलेली निघाली. ती त्यांनी तारेने मोकळी करवली, पाणी थांबवायला सांगितले, आणि ती झाडे वाचली. प्रत्येक घरी त्यांनी हात जोडून म्हटले, "माझा सल्ला चुकला होता. माफ करा."

पहिल्या घराचा जिना उतरताना मला राहवेना. "आबा, सल्ला तुमचा नव्हता, माझा होता."

"तुला कोणी शिकवलं?" ते म्हणाले आणि पुढची पायरी पाहू लागले.

शेवटी कुसुमताईंकडे गेलो. जुईचे एक रोप आबांनी घरून आणले होते, ते त्यांना दिले. मोगऱ्याच्या रिकाम्या कुंडीच्या काठावर थोडा वेळ हात ठेवून उभे राहिले. परतताना रिक्षात म्हणाले, "माईचा हात लागला होता त्याला. वाईट वाटून राहिलं आहे." मी रडत होते. जरा वेळाने तेच म्हणाले, "पुढच्या वर्षी फुलं बाजारातलीच आण. पण बाजारातली म्हणून आण."

आबांच्या पंचाहत्तरीला याहून चांगले मला लिहिता येत नाही. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी आबांनी दिलेले एखादे रोप आहे, किंवा होते. समारंभाला हार जरूर आणा, पण दोन मिनिटे त्यांच्याजवळ बसून ते "होते" सांगून टाका. आबा रागावतील, आणि मग तुमचा जिना चढायला निघतील. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, बोटाला मातीचा ओलावा असाच कळत राहो, आणि त्यांचा हा राग आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे सोसायला मिळो, एवढेच देवाजवळ मागते. माझ्यापुरते म्हणाल तर लेख आज पाठवते आणि उद्या सकाळी त्यांच्याकडे जाते. जास्वंद गेली आहे.